वेदनापट्ट आणि दाजींचे पाय

सुज्ञ वाचकहो, आता जो वृत्तान्त मी आपणांपुढे मांडणार आहे, त्यात परदेशातील एक रुग्णालय आहे, मनुष्याची वेदना मोजणारे एक यंत्र आहे, आणि माझे दाजी श्री. वैजनाथ केंद्रे यांचे दोन पाय आहेत. या तिन्हींचा परस्परसंबंध काय, तो मी यथाक्रम विशद करीन. मात्र प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो, की जे घडले ते मला पूर्णांशाने उमगले आहे असा माझा दावा नाही. माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढील वाचन मी परदेशातील वसतिगृहाच्या खाटेवर पडून, फोनवर, एकट्याने केले. तेव्हा पाहिले तसे सांगतो. उलगडा आपण आणि मी मिळून करू.

दाजी आणि मी, आम्ही दोघेही परांची, म्हणजे उंचावरच्या कामासाठी पाइपांचा सांगाडा, बांधणारे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, उर्मिला आक्काचे यजमान. परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांभोवती परांची बांधता बांधता आमचे उंचीचे भय गेले, आणि त्याच विद्येच्या बळावर आम्ही फिनलंड नामक देशात, समुद्रकाठच्या एका जहाजांच्या कारखान्यात रुजू झालो. परांचीच्या कामात एक नियम आहे. तो पुढे लागणार असल्याने येथेच सांगून ठेवतो. खालच्याने वरच्याच्या हाती पाइप दिला, तरी वरचा मोठ्याने ‘धरला’ असे म्हणेपर्यंत खालच्याने हात सोडायचा नाही. मला हा नियम दाजींनीच शिकवला.

तो देश अतिशय शांत आहे. बसथांब्यावर दोन माणसे उभी राहिली, तर त्यांच्या मधल्या जागेत आपल्याकडचे एक कुटुंब सामानासह मावेल. गाव कुठले, मुले किती, असे कोणी कोणास पुसत नाही. आरंभी मला वाटले, हे लोक आपल्यावर रुसले आहेत. पुढे ध्यानात आले, की दूर उभे राहणे हीच त्यांची आदराची रीत होय.

ग्रीष्मातील एके दिवशी दुपारच्या सुटीत दाजींनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. त्यांना ओळखणाऱ्यास ही घटना भूकंपासारखी वाटेल.

“काय झालं दाजी?”

“काही नाही. पोटात पीळ पडल्यावानी होतंय. रात्री तुझ्या हातची भाजी खाल्ली ना.”

“भाजी तर खोलीतल्या सगळ्यांनी खाल्ली.”

“सगळ्यांचा मेव्हणा नाहीस ना तू. मला मायेनं जास्त वाढलीस.”

असा विनोद करूनच ते वाकले आणि त्यांना हिरवी उलटी झाली. कपाळावर घाम डवरला. मुकादमाने तत्काळ गाडी बोलावली आणि आम्ही त्या नगरातील रुग्णालयात दाखल झालो.

वाचकहो, माझ्या गोंधळास येथून प्रारंभ झाला. मी केसपेपरची खिडकी शोधू लागलो, ती नव्हती. रांग नव्हती. दारात शहाळेवाला नव्हता. कोणाची आजी बाकावर आडवी झालेली नव्हती. दवाखान्यास दवाखान्याचा वासही नव्हता. काचेची दारे आपोआप उघडत होती, आणि मी प्रत्येक दाराला ‘थँक्यू’ म्हणत पुढे जात होतो. भाषेची अडचण म्हणाल, तर ती मुळीच नव्हती. आजकाल परदेशी कामगाराच्या कानात दुभाष्याची गुंडी असते. ती समोरच्याचे बोलणे स्वच्छ मराठीत सांगते आणि आपले त्यांच्या भाषेत पोचवते. अडचण ही होती, की तेथे कोणी काही विचारतच नव्हते.

दाजींची सारी हकीकत मी गाडीतच मनाशी जुळवून ठेवली होती. दुखणे केव्हा उठले, कुठून कुठे गेले, आदल्या दिवशी काय खाल्ले, बालपणी अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले होते, सर्व काही. परिचारिका आली. मी उभा राहून बोललो. तिने ते मान हलवून ऐकून घेतले आणि म्हणाली, “आभारी आहे. आता पट्टा सांगेल.”

त्या पट्ट्याचे मूळ नाव मला आजही उच्चारता येत नाही, म्हणून मी त्यास वेदनापट्ट म्हणतो. तो कपाळावरून नेऊन मानेमागे जोडतात. तेथील एका डॉक्टर बाईंनी त्याचे शास्त्र मला नंतर समजावले, ते माझ्या शब्दांत देतो. पोटात इजा झाली, की तिथल्या मज्जातंतूंतून संदेश निघतो, पाठीच्या कण्यातून वर चढतो आणि मेंदूत पोचतो. मेंदूने तो संदेश घेतला, म्हणजे ‘दुखले’. मेंदूच्या ज्या ठिकाणी हे घडते, तेथील सूक्ष्म विद्युत् लहरी पट्टा बाहेरून टिपतो आणि पडद्यावर एक रेघ काढतो. रेघ हिरव्या भागात असली तर वेदना सौम्य, पिवळ्यात मध्यम, तांबड्यात तीव्र. पूर्वी डॉक्टर रुग्णास विचारीत; पण कोणी फुगवून सांगतो, कोणी दडवतो, परदेशी माणूस तर लाजतो. पट्टा लाजत नाही. म्हणून त्या देशाने विचारणेच बंद केले.

दाजींच्या पोटाची आतील छायाचित्रे निघाली. डॉक्टर सानेल्मा तुओमेला नावाच्या उंच, पिकल्या केसांच्या बाईंनी ती आम्हांस दाखविली. बालपणच्या ऑपरेशनचा व्रण आतून भरताना एक चिवट धागा तयार झाला होता, आणि त्यात आतडे अडकून त्यास पीळ पडला होता. बाई म्हणाल्या, “असा पीळ बरेचदा आपोआप सुटतो. मग पोट उघडावे लागत नाही. पण पिळात रक्तवाहिनी आवळली गेली, तर आतड्याचा तेवढा भाग मरू लागतो, आणि मग रुग्णही दगावू शकतो. चित्रात दोन्ही सारखेच दिसते. सुटणाऱ्या पिळाची वेदना येते-जाते, मरणाऱ्या आतड्याची हटत नाही. म्हणून आपण रेघ पाहू. ती तांबड्यात टिकली, की शस्त्रक्रियेची तयारी आपोआप सुरू होईल. हिरव्यात राहिली, तर वाट पाहायची. तोवर वेदनेचे औषध देता येणार नाही, त्याने रेघ झाकली जाते.”

इतके सांगून त्या गेल्या. परिचारिकाही गेली. खोलीत आम्ही दोघे आणि एक पडदा उरलो.

रेघ तांबड्याच्या काठाशी थरथरत होती. दाजींनी दात आवळले होते. आजाऱ्याजवळ हात स्वस्थ ठेवून बसणे आमच्याकडे शोभत नाही, म्हणून मी खुर्ची पायथ्याशी ओढली, पांघरूण सारले आणि त्यांचे पाय चेपू लागलो. परांचीवर सतत उभे राहिल्याने दाजींच्या पोटऱ्यांत गाठी आहेत. त्या कुठे आहेत हे मला ठाऊक आहे. मग आक्काला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन उशीला टेकवून ठेवला.

“अगं बाई, हे डोक्याला काय बांधलंय?” आक्का म्हणाली.

“बाशिंग,” दाजी म्हणाले. “इथं दुसरं लग्न लावत्यात माझं.”

“करा की. ती भाकरी थापून देती का बघा आधी.” एवढे बोलली खरी, पण तिचा स्वर फाटला. “रुद्रा, तिथं आपलं कोण हाय रे? त्यांना एकटं सोडू नको. हात सोडू नको. माझी शपथ हाय तुला.”

“नाही सोडणार आक्का.”

आणि काय चमत्कार सांगू! रेघ उतरू लागली. तांबड्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्यात. दाजींचे दात सुटले, खांदे सैल पडले.

“बरं वाटायला लागलं रे,” ते म्हणाले. “खोटं नाही सांगत.”

परिचारिका पडदा पाहून हसली. “उत्तम! पीळ सुटतो आहे असे दिसते. आपण बसून राहा.”

मध्ये एकदा मी हात धुण्यास उठलो, तर रेघ झपाट्याने वर चढली. धावत येऊन पाय धरले, तर पुन्हा उतरली. हे आम्ही तिघांनीही पाहिले, फोनमधून आक्कानेही, आणि तिघांनी त्याचा एकच अर्थ लावला.

“तुझ्या हाताला गुण हाय रुद्रा,” आक्का म्हणाली.

“फुकटात डॉक्टर झाला तुझा भाऊ,” दाजी म्हणाले. “गावाकडं पाटी लावू. पायाचे स्पेशालिस्ट.”

मी तहान मारली. लघुशंकाही मारली. एक हात दाजींच्या पावलावर, दुसरा त्यांच्या हातात, असा बसून राहिलो. खिडकीबाहेर ऊन होते आणि एक मनुष्य गवतावर एकटाच बसून पाव खात होता.

तथापि हळूहळू माझ्या मनाचा गोंधळ वाढू लागला. रेघ हिरवी होती, दाजी ‘बरं आहे’ म्हणत होते, पण त्यांचे ओठ सुकले होते आणि डोळे आत गेले होते. हातातली बोटे गार लागत होती. पोट नगाऱ्यासारखे ताणले होते. पडद्याकडे पाहिले की जीव शांत होई, आणि दाजींच्या तोंडाकडे पाहिले की धडधडू लागे. कोणत्या बाजूला पाहावे? मी अशिक्षितासारखा यंत्रावर संशय घेतो आहे, असे वाटून मी पडद्याकडेच पाहण्याचे ठरविले.

तेवढ्यात डॉक्टर तुओमेला फेरीस आल्या. रेघ पाहून त्या निघाल्याच होत्या, पण दाजींच्या चेहऱ्यापाशी थबकल्या. त्यांनी पांघरूण काढले आणि स्वतःच्या हाताने पोट दाबले. त्या देशात हे आता फारसे कोणी करीत नाही. बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी नाडी पाहिली, रक्ताचा अहवाल पुन्हा उघडला. मग पडद्याकडे पाहिले, मग दाजींकडे, आणि शेवटी माझ्या हातांकडे.

“आपण केव्हापासून असे धरून बसला आहात?”

“आल्यापासून.”

“जरा सोडा पाहू.”

मी हात उचलले. रेघ पिवळ्यात गेली आणि तांबड्यात शिरली. दाजी कण्हले.

“आता धरा.”

रेघ उतरली. बाई खाटेच्या कडेवर बसल्या. तेथील डॉक्टर खाटेवर बसत नाहीत. त्या म्हणाल्या, “मला हे आधीच सुचायला हवे होते. विश्वासाच्या माणसाने स्पर्श केला, की मेंदू कण्यातून वर येणारे संदेश स्वतःच अडवतो. शरीरातलेच वेदनाशामक द्रव्य सुटते. हा पट्टा आमच्या लोकांवर पारखून तयार केला. आमचे रुग्ण एकटे पडून असतात. नातेवाईक येतात, फुले ठेवतात, दाराशी उभे राहून बोलतात आणि जातात. दुपारभर पाय धरून कोणी बसलेच नाही, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आम्ही औषध बंद ठेवले होते, आणि आपण औषध देत होता.”

“म्हणजे दाजींची वेदना खोटी कमी झाली?”

“नाही, खरीच कमी झाली.”

“मग ते बरे होत आहेत?”

“नाही. त्यांना बरे वाटते आहे. आतडे मात्र बहुधा मरते आहे.”

वाचकहो, ही दोन वाक्ये एकाच वेळी खरी कशी, हे मला तेव्हा कळले नाही. आजही एकांतात मी ती पुन्हा पुन्हा म्हणून पाहतो.

“मग ऑपरेशन करा ना बाई,” मी म्हणालो.

“मी माझे मत कळवते आहेच. पण शस्त्रक्रियागृह रेघेवर चालते. माझे मत आधी समितीपुढे जाईल. तांबडी रेघ थेट पोचेल. समितीइतका वेळ त्यांच्याजवळ नाही. आपण खोलीबाहेर जा. रेघ त्यांची त्यांना काढू द्या.”

दाजींच्याही कानात गुंडी होती. त्यांनी सारे ऐकले होते. त्यांनी माझे मनगट घट्ट पकडले. जन्मात त्यांनी मला थट्टेवाचून हाक मारली नव्हती, ते म्हणाले, “रुद्रा, जाऊ नको. आता सोसायचं नाही मला.”

“दाजी, थोडा वेळच.”

“नको. राहू दे. पीळ सुटंल. तू बस.”

उशीवरून आक्का ओरडली, “काय म्हणती ती बाई?”

“हात सोडला तरच ऑपरेशन होईल म्हणती, आक्का.”

“असं कुठं असतंय का? आपल्या माणसानं हात सोडल्यावर माणूस वाचतंय का? रुद्रा, शपथ घातलीय मी तुला!”

मी डॉक्टर बाईंकडे पाहिले. त्या देशात कोणी आग्रह करीत नाही. आग्रह केला असता तर मला सोपे गेले असते. मी दाजींच्या गार बोटांकडे पाहिले. हिरवी रेघ पाहिली. ती आमच्या दोघांची मिळून होती आणि दाजींना मारीत होती, हे शब्द मी मनात जुळवले, पण त्यांवर माझाच विश्वास बसेना.

परांचीवर वरच्याने ‘धरला’ म्हटल्याशिवाय हात सोडत नाहीत. दाजी ‘धरला’ म्हणाले नाहीत. मी त्यांची बोटे माझ्या मनगटावरून एकेक करून उकलली आणि उठलो.

“रुद्रा!” आक्काची हाक आली. मग फोन बंद झाला. तिनेच बंद केला.

मी खोलीबाहेर आलो. त्या बाजूस काचेची भिंत होती. पाठ करून उभे राहावे असे वाटत होते, पण मी तोंड आतच केले. निदान आपण दिसत राहू, असा माझा हिशेब. काचेतून आवाज येत नव्हता. दाजींचे तोंड उघडत होते, मिटत होते. उजवा हात खाटेच्या कडेबाहेर येऊन हवेत काहीतरी शोधत होता. रेघ तांबड्यात शिरली आणि तेथून हलली नाही. डॉक्टर बाई हात मागे बांधून उभ्या होत्या. त्यांनीही स्पर्श केला नाही. माझ्याजवळून एक म्हातारे गृहस्थ गेले, मला रडताना पाहून त्यांनी नजर वळवली आणि वाट रुंद करून दिली. तो त्यांचा आदर होता हे मला माहीत होते. तरी त्या क्षणी कोणीतरी येऊन ‘काय झालं हो, कुठले तुम्ही?’ असे विचारावे, म्हणून माझा जीव तळमळला.

मग छतावरचा दिवा लुकलुकला, दारे उघडली आणि खाट स्वतःच चालू लागली. शस्त्रक्रियागृहाने रेघ वाचली होती.

आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता, तो काढला. बाई बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, की आणखी काही काळ तसेच गेले असते, तर वाचवण्यासारखे काही उरले नसते. मी त्यांच्या पाया पडण्यास वाकलो, तर त्या घाबरून मागे सरल्या.

येथे कथा सुखान्त झाली असे आपणांस वाटेल. परंतु दाजी शुद्धीवर आले, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केले. आक्का फोन उचलेना. रोज कामानंतर मी जाई, खुर्चीवर बसे आणि हात मांडीवर ठेवून परत येई. दाजींच्या कपाळावर पट्टा होताच. जखमेची वेदना मोजणे चालू होते. मी ‘दाजी, पाणी देऊ?’ म्हणे. ते बोट हलवून नको म्हणत.

मध्यंतरी डॉक्टर तुओमेलांनी मला बोलावून तोंड भरून आभार मानले. आमच्या घटनेवरून रुग्णालयाने नवा नियम केला होता. प्रत्येक खोलीत फलक लागला: ‘मोजणी चालू असताना रुग्णास स्पर्श करू नये.’ तो अनेक भाषांत होता, त्यांत मराठीही होती, आणि शुद्धलेखन निर्दोष होते. बाईंना वाटले, मला आनंद होईल. या नियमाने पुढे किती माणसे वाचतील, हे मला समजत होते. आणि किती माणसे त्या फलकाखाली एकटी कण्हतील, तेही दिसत होते. मी म्हणालो, “छान आहे.” दुसरे काय म्हणणार?

अखेर एके दिवशी संध्याकाळी दाजींनी भिंतीकडचे तोंड वळवले.

“मी ‘धरला’ म्हणलो नव्हतो,” ते म्हणाले.

“नव्हता म्हणला, दाजी.”

“तरी सोडलास.”

“सोडला.”

“पाइप असता तर खाली कुणाच्या तरी टाळक्यात पडला असता.”

“व्हय दाजी.”

पडद्यावर रेघ पिवळ्यात होती. माझ्या डोक्यावर तो फलक होता. दाजींनी तो वाचला, अगदी सावकाश, ओठ हलवून. मग म्हणाले, “काचेमागं उभा होतास ते दिसत होतं मला. लई घाण तोंड करून रडत होतास.”

“तुम्हाला दिसत होतं?”

“दुसरं बघायला काय होतं तिथं?” आणि त्यांनी पांघरुणातून उजवा पाय बाहेर काढला. “बघत काय बसलास मेव्हण्या? चेप.”

“दाजी, मोजणी चालू हाय. नियम हाय.”

त्यांनी हात वर नेऊन कपाळावरचा पट्टा काढला आणि उशीखाली सारला. पडदा काळा झाला. कुठेतरी बारीक घंटा वाजू लागली. परिचारिका दाराशी आली, आम्हांकडे पाहिले, वर फलकाकडे पाहिले. आणि तिच्या देशाच्या रीतीने, काहीही न विचारता, दार हळूच लोटून गेली.

“मोजून झालं,” दाजी म्हणाले. “आता दुखायलंय. चेप.”

मी पोटरीतली गाठ शोधली. ती जागच्या जागी होती.

“आणि तुझ्या आक्काला फोन लाव. कॅमेरा पायाकडं धर, नाहीतर विश्वास बसायचा नाही तिचा.”

एका हाताने मी फोन लावला. बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग तिने उचलला. मी कॅमेरा पायाकडे धरला आणि तसाच धरून ठेवला.

वाचकहो, हा पट्टा आज ना उद्या आपल्या तालुक्याच्या गावीही येईल. तेव्हा हात केव्हा धरावा आणि केव्हा सोडावा, याचे उत्तर माझ्याकडून अपेक्षू नये. ते मजजवळ नाही. आपण वेळ काढून हे वाचलेत, माझ्या अल्प शिक्षणाचे दोष पोटात घातलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
महारुद्र ज्ञानोबा गित्ते
परांची कामगार